शेवटचं आसन

तनुजाच्या शाळेत सूर्यनमस्कारांची स्पर्धा होती,
आकडे मोजायला तिला कुणीतरी हवं होतं.
म्हणून मी मोजू लागलो, इथून,
सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाइलच्या कॅम्पवर,
गच्चीत, फोन पाण्याच्या टाकीला टेकवून.
आठवड्याने ती म्हणाली,
बाबा, नुसतं काय बघता, वाका.

वाकलो.
सतरा वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसलेलं कंबरडं
गंजक्या बिजागरीसारखं बोललं.
हात गुडघ्यापर्यंत पोचले, तिथे माझी हद्द संपली.
पायाची बोटं परमुलखात,
व्हिसा काढावा लागेल इतकी लांब.

अंगाखाली फ्रिजचा पुठ्ठा.
त्यावर एक पेला, दोन बाण: ही बाजू वर.
मी त्याच बाणांवर कपाळ टेकवायचो.
शफिकुल तेवढ्यात नमाज उरकून
मुसल्ल्याची घडी घालत असायचा,
माझे लटपटते पाय बघून हसायचा.
त्याचं वज्रासन माझ्याहून शंभरपट पक्कं,
आणि ते आसन आहे हे त्याला ठाऊकच नाही.

तिच्या अंगणात ऊन आलेलं असतं तेव्हा
माझ्याकडे मिट्ट काळोख.
घड्याळ दीड तास मागे.
मी कुणाला नमस्कार घालतो हे मला दिसत नाही.
पुढे बसच्या खिडकीत, स्मेल्टरच्या धुराड्यांमागे
तो उगवतो तेव्हा मनात येतं,
हा चिपळूणहून आलाय, पोरीने हाताळलेला,
वहीच्या मधल्या पानासारखा जरासा चुरगळून.

मग एकदा फोरमनने रेडिओवर आईवरून शिवी दिली.
उत्तर ओठापर्यंत आलं होतं.
पण पोटात कुणीतरी मोजत होतं, एक, दोन,
पोरीच्याच आवाजात, तीन,
चारला येईपर्यंत उत्तराची वाफ झाली.
खाली लॅडलमधला पातळ धातू
डुचमळलासुद्धा नाही.
एवढंच. ह्याहून मोठं काही घडलेलं नाही.

फक्त शेवटचं आसन मी टाळायचो.
ती म्हणायची, आता शवासन,
मी म्हणायचो, बस आली गं.

येल्लय्या माझ्या वरच्या बंकवरचा.
ओळख पटवायला मलाच नेलं होतं.
तळवे वर, बोटं सैल, पाय किंचित फाकलेले,
हुबेहूब तनुजा सांगते तसे.
कागदांत त्याचं नाव तीन भाषांत
तीन तऱ्हांनी चुकलेलं.
बावीस दिवस तो त्या चुकांपाशी थांबला.
सही कुठे करू, एवढंच मी विचारलं
आणि माझा हात थरथरला नाही.
तेच मला नंतर खुपत राहिलं,
बुटातल्या खड्यासारखं,
बूट काढायला वेळच नव्हता.

काल बस पंक्चर झाली.
सगळा कॅम्प फाटकाशी चहा पीत उभा,
आणि माझ्याकडे खोटं संपलेलं.

पडलो पुठ्ठ्यावर. तळवे वर.
घोटे सोडा, ती म्हणाली. पोटऱ्या सोडा.
कपाळ सोडा. जीभसुद्धा.
जीभ सोडली तेव्हा कळलं
ती किती वर्षं दातांमागे दाबून धरली होती.
रात्रभर तापून राहिलेली गच्ची
पाठीला लागत होती,
कुणी कुशीत निजल्यासारखी.
टाकीत पाणी चढत होतं.
येल्लय्या आला नाही.
आला असेल तर शेजारी पडून राहिला,
सही न मागता.

डोळ्यांच्या कडेने काहीतरी कानात उतरलं.
पुसलं नाही. हात हलवायचे नसतात.

बाबा, झोपलात?
नाही गं, मेलोय.
मग उठा लवकर, मला शाळेला उशीर होतोय.
अहो, असं नाही!
आधी उजव्या कुशीवर वळा.
एकदम उठायचं नसतं.